अंधांनीं मिळविलेला एक धंदा

तंबोऱ्याच्या चार तारा जुळवितांना गवई किती वेळ घेतो, हें रसिकांना ठाऊक आहे. मग ज्या वाद्यांत दोनशेंहून अधिक तारा असतात, तें जुळविणाऱ्याचें काम किती जिकिरीचें असेल! पियानो हें असें वाद्य आहे. त्याच्या 88 पट्ट्यांमागें सुमारे 220 तारा ताणलेल्या असतात. मधल्या व वरच्या स्वरांना तर प्रत्येकीं तीन-तीन. हवेंतील ओलावा कमीजास्त झाला कीं आंतील लाकूड फुगतें वा आकसतें, आणि सूर ढळतात. वाजविणारा सहसा ते स्वतः जुळवीत नाहीं. त्यासाठीं निराळा कारागीर बोलवावा लागतो. हा धंदा अंधांच्या हातीं कसा आला, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

क्लोद मोंताल हा 1800 सालीं फ्रान्समध्यें जन्मला. बालपणींच त्याची दृष्टि गेली. पॅरिस येथील अंध मुलांच्या शाळेंत तो शिकला आणि पुढें तेथेंच शिकवूं लागला. ज्या लुई ब्रेलची लिपि आज जगभर वाचली जाते, तोही ह्याच शाळेंतला. शाळेंत संगीत शिकवीत, पियानोही होते. पण ते जुळविण्यास बाहेरून डोळस कारागीर येई, आणि त्याचें काम मोंतालच्या कानास पटेना. एका अंध मित्रास बरोबर घेऊन त्यानें आपणच तारा जुळवून पाहण्यास आरंभ केला. कारागिरानें तक्रार केली आणि वाद्यांच्या आंत हात घालण्याची दोघांना मनाई झाली.

तेव्हां दोघांनीं एक जुना पियानो मिळविला. हातोड्या, नमदे, खुंट्या असा एकेक भाग सुटा करून त्यांनीं तो बोटांनीं चाचपला, दुरुस्त केला आणि पुन्हा जागच्या जागीं बसविला. डोळस शिकाऊ जें पाहून उमजतो, तें त्यांनीं स्पर्शानें पाठ केलें. अखेर वरिष्ठांची खात्री पटली आणि शाळेच्या पियानोंची निगा त्यांच्याकडेच आली.

ह्या विद्येचें मर्म कानांत आहे. दोन तारांचे सूर अगदीं जवळ येऊनही एकरूप झाले नाहींत, तर आवाजांत एक डोल ऐकूं येतो. सूर जवळ येतील तसा तो मंदावतो. तो थांबला म्हणजे तारा मिळाल्या. परंतु पियानोंत एवढ्यानें भागत नाहीं. शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढून गेल्यास सात सप्तकें नेमकीं पुरीं व्हावयास हवीं. प्रत्यक्षांत शेवटचा स्वर अर्धस्वराच्या सुमारे पाव भागानें वर जातो. हा अधिक अंश बाराही पंचमांत सारखा वांटून द्यावा लागतो. म्हणजे तंबोऱ्याचा पंचम निर्मळ लावावयाचा, तर पियानोचा प्रत्येक पंचम जाणूनबुजून किंचित् उतरता ठेवावयाचा. मध्यभागींचा एक पंचम चार सेकंदांत सुमारे तीन वेळां डोलला, तरच तो बरोबर! शिवाय खुंटी नुसती फिरवून चालत नाहीं. ती पक्की बसली नाहीं तर दोन-चार वेळां जोरानें वाजवितांच तार उतरते. हें सारें कानाला आणि मनगटालाच कळावयाचें.

पण विद्या आली म्हणजे अन्नाची सोय झाली असें नव्हे. 1830 सालीं मोंताल शाळा सोडून पॅरिस शहरांत धंद्यास लागला, तेव्हां आपलें किंमती वाद्य अंधाच्या हातीं देण्यास लोक कचरत. प्रारंभीं त्यास अल्प मोबदल्यावर राबावें लागलें. पुढें तेथील सरकारी संगीतविद्यालयाच्या एका प्राध्यापकानें त्याचें काम पारखलें व शिफारस केली, तेव्हां कोठें दारें उघडूं लागलीं. 1836 सालीं त्यानें आपला पियानो आपणच कसा जुळवावा, हें शिकविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. धंद्याचें गुह्य उघडें केल्यानें गिऱ्हाईक तुटेल अशी भीति एखाद्यास वाटली असती. पण त्या ग्रंथानें त्याची कीर्तिच वाढली. पुढें त्यानें स्वतःचे पियानो बनविण्याचा कारखाना काढला. 1865 सालीं तो वारला, तोंवर अंध मनुष्य हें काम करूं शकतो काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळून गेलें होतें. 1872 सालीं लंडन येथें अंधांसाठीं जें संगीतविद्यालय निघालें, त्यांत पियानो जुळविण्याची विद्या हा एक मुख्य विषय होता.

आज सूर मोजून दाखविणारीं यंत्रें खिशांत मावतात, आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांना जुळविण्याचें कामच नसतें. म्हणून ह्या धंद्याचें क्षेत्र आकुंचित झालें आहे. तरीही प्रत्येक पियानोच्या तारांचा ताठरपणा निराळा असतो, आणि शेवटचा निवाडा कानाकडेच जातो. ज्यास हा धंदा नव्यानें शिकावयाचा असेल, त्यानें मोंतालच्या क्रमानेंच जावें: आधीं एक जुना पियानो खोलून पुन्हा जोडावा, मग डोल मोजावयास शिकावें, आणि त्यानंतरच दुसऱ्याच्या दारावर थाप मारावी. मोंतालनें कोणाकडे दया मागितली नाहीं. जुळविलेला पियानो वाजवून पाहा, एवढेंच त्याचें म्हणणें होतें.