एन्कोडिंग लिहायचं राहून गेलं

मी म्हैसूरहून बोलतेय. आजीच्या ओव्या मी टाइप करून ठेवल्या होत्या, दर ओवीची वेगळी फाइल. त्यांतल्या दुहेरी मोकळ्या जागा काढायला पॉवरशेलमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. चालवली. एकही एरर नाही. फाइल उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं. याच शहरात मानसगंगोत्रीला १९६९ पासून भारतीय भाषांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, आणि इथे मी घरबसल्या मराठी पुसून मोकळी!

झालं काय? वाचणाऱ्या गेट-कंटेंटला मी एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितलं होतं. लिहिणाऱ्या सेट-कंटेंटला सांगायचं राहिलं. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ते काही न सांगितल्यास सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमध्ये लिहितं. माझ्या कोडपेजात देवनागरी नाहीच. म्हणून अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. त्याऐवजी आउट-फाइल वापरलं असतं तर मजकूर वाचला असता, कारण ५.१ मध्ये त्याचा डिफॉल्ट यूटीएफ-१६. एकाच घरातल्या दोन कमांड, दोघींची तऱ्हा वेगळी.

'हेल्प वाचायची ना,' म्हणाल. वाचली की! पण अपडेट-हेल्प चालवेपर्यंत गेट-हेल्प पॅरामीटरची जेमतेम नावं दाखवतं. त्यात एन्कोडिंग हा डायनॅमिक पॅरामीटर. तुम्ही फायलींच्या ड्राइव्हवर असाल तर तो असतो, रजिस्ट्रीच्या ड्राइव्हवर गेलात की गायब. व्हॉट-इफ लावलं असतं तरी 'या फाइलीत लिहीन' एवढंच कळलं असतं, कोणत्या एन्कोडिंगमध्ये ते नाही.

आता मी कमांडलाच विचारते. एका नव्या फाइलीत फक्त 'म' लिहायचा आणि फॉरमॅट-हेक्सने बाइट पाहायचे. यूटीएफ-८ मध्ये 'म'चे तीन, यूटीएफ-१६ मध्ये दोन. सुरुवातीची खूण आणि शेवटची नवी ओळ यांचे बाइट त्यात धरू नका. 'म'चा एकच बाइट दिसला तर तिथेच थांबा, ते प्रश्नचिन्ह आहे. सातव्या आवृत्तीत डिफॉल्ट यूटीएफ-८ झालाय, तरी मी एन्कोडिंग लिहितेच. आणि स्क्रिप्ट आधी प्रतीवर चालवते.

काही ओव्या फोनवरच्या जुन्या प्रतीत सापडल्या. उरलेल्यांसाठी बेळगावच्या आत्याला फोन लावला. ती म्हणत गेली, मी टाइप करत गेले. दोन ओव्या तिलाही आठवल्या नाहीत.