दम्याचा सर्वांगीण विचार : औषध, घर, शिवार आणि शाळा



दमा हा आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला आजार आहे. परंतु परिचय असणे वेगळे आणि आकलन असणे वेगळे. धाप लागली की इंजेक्शन घ्यावे, आराम पडला की औषध विसरावे आणि पुढचा झटका येईपर्यंत आजार गेला असे मानावे, ही अनेक ठिकाणची रीत आहे. २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली, असा अंदाज आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत; मृत्यूंमध्ये मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक मानला जातो. ही तफावत केवळ डॉक्टरांनी भरून काढण्याजोगी नाही. तिचा संबंध शेतीशी, स्वयंपाकघराशी, शाळेशी आणि गावकारभाराशीही आहे.

रोगाचे स्वरूप

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. त्यामुळे त्या अतिशय संवेदनशील बनतात. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी सर्दी एवढ्यानेही नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना छातीतून शीळ वाजते. झटका ओसरला तरी सूज ओसरलेली नसते, ही यातील ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट होय. दमा संसर्गजन्य नाही. तथापि प्रत्येक धाप दम्याची नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी अवश्य करावी.

या आजाराचे बारकाईने निरीक्षण आपल्याकडे फार पूर्वी झाले होते. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘तमक श्वास’ हा दम्याशी पुष्कळ जुळतो. आडवे पडल्यास त्रास वाढतो, बसल्यास बरे वाटते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो, असे त्यात नमूद आहे. रोग्याबरोबर त्याच्या भोवतीची हवाही पाहावी, ही दृष्टी त्यात दिसते.

बार्सिलोनाचा धडा

या दृष्टीचे महत्त्व स्पेनमधील बार्सिलोना शहराने दाखवून दिले. १९८१ ते १९८७ या काळात तेथे काही ठरावीक दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागे. रुग्णालयात त्याचे कारण सापडेना. शोध घेता आढळले की, ज्या दिवशी बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरविले जाई, त्याच दिवशी हे घडत होते. सोयाबीनच्या टरफलाची धूळ कोठारातून हवेत मिसळत होती. कोठारावर धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्या आणि साथी थांबल्या.

हिंगोलीचे ऋतुचक्र

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा सोयाबीन आणि हळदीचा जिल्हा आहे. बार्सिलोनात जी धूळ बंदरातून आली, ती येथे दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणीयंत्रातून उडते. त्यानंतर हळदीचा हंगाम येतो. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे या क्रमात शिजविताना धूर आणि पॉलिश करताना बारीक धूळ यांच्याशी मजुरांचा संबंध येतो. वसमतची हळद आणि हिंगोलीचा हळद बाजार ही जिल्ह्याची संपत्ती आहे. ती मिळविणाऱ्यांची छाती सांभाळणे हाही त्या व्यवसायाचाच भाग मानला पाहिजे. मळणीयंत्र वस्तीपासून दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून लावणे, पॉलिशचे काम उघड्यावर करणे, तोंडाला नीट बसणारा मास्क वापरणे आणि दमेकरी माणसाला त्या दिवसांत दुसरे काम देणे, हे उपाय अवघड नाहीत.

पावसाळ्यात गाजरगवत फोफावते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आता बांधाबांधावर आहे. त्याच्या परागकणांनी सर्दी आणि दमा उद्‌भवतो. ते फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. ते खाणारे मेक्सिकन भुंगे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने प्रसारात आणले आहेत.

घराचा विचार करता चूल ही पहिली बाब होय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. परंतु सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटती असेल तर धूर कायमच राहतो. विडी-सिगारेटचा धूर, ओल धरलेल्या भिंती आणि उदबत्ती-डासबत्तीचा कोंडलेला धूर हेही टाळावेत.

दोन प्रकारची औषधे

दम्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. सालब्युटामॉलसारखे औषध आवळलेल्या नलिका तात्पुरत्या मोकळ्या करते. श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड मूळ सूज कमी करते. ते बरे वाटत असतानाही चालू ठेवावे लागते. केवळ पहिल्या प्रकारावर विसंबणे धोक्याचे आहे. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार प्रौढ आणि किशोरवयीनांना ते एकटे देण्याची शिफारस केली जात नाही.

‘पंपाची सवय लागते’ ही समजूत निराधार आहे. पंपातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात पोहोचते. गोळ्या-इंजेक्शनांतील मात्रा कितीतरी मोठी असून सर्व शरीरात पसरते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. लग्न जमणार नाही या धास्तीने मुलीचा पंप लपवून ठेवणारी कुटुंबे तिचा जीव पणाला लावतात. हैदराबादला मृगाच्या सुमारास जिवंत मासा गिळण्यासाठी दूरदूरचे लोक जातात. त्या उपायाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. श्रद्धेने कोणी गेले तरी चालू औषध बंद करू नये.

प्राणायाम, योगासने आणि मनःशांती यांचे स्थान निश्चित आहे. बंगळूर येथील अभ्यास १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात योगाभ्यास करणाऱ्यांचे झटके आणि औषधाची गरज कमी झाल्याचे आढळले. तथापि योग औषधाच्या जोडीला असावा, औषधाच्या जागी नव्हे. सर्वांगीण उपचार याचा अर्थ हाच.

झटका आल्यास

रुग्णाला ताठ बसवावे, गर्दी दूर करावी. सालब्युटामॉलचे चार झोत स्पेसरमधून एकेक करून द्यावेत आणि प्रत्येक झोतानंतर चार-सहा श्वास घेऊ द्यावेत. २० मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा द्यावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे किंवा ग्लानी येणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी वाट पाहू नये. स्पेसर नसल्यास अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली तळाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून वापरता येते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये तिची उपयुक्तता दाखवून दिली.

शाळा आणि पंचायत

धावताना खोकणारे, रात्री झोपमोड झाल्याने वर्गात पेंगणारे मूल आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या पालकांशी बोलावे. असे मूल खेळापासून तोडू नये; नियंत्रणात असलेला दमा खेळास आड येत नाही. फळा ओल्या फडक्याने पुसावा आणि वर्ग मूल बाहेर असताना झाडावा. दमेकरी मुलांची नोंद आणि त्यांचा पंप कोठे असतो याची माहिती प्रत्येक शिक्षकाला असावी.

ग्रामपंचायतीने कचरा जाळणे थांबवावे, आषाढ-श्रावणात गाजरगवताची मोहीम घ्यावी, आशा कार्यकर्तीकडून दमेकऱ्यांची यादी करून घ्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही प्रकारचे पंप उपलब्ध आहेत काय, हे ग्रामसभेत विचारावे. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. परंतु रात्री दोन वाजता आलेला झटका प्रथम घरातच हाताळावा लागतो.

दमा समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र तो ताब्यात ठेवून शेत नांगरता येते, शाळा शिकता येते, संसार करता येतो. त्यासाठी रोज घ्यावयाचे औषध रुग्णाने सोडू नये आणि हवेत धूळ-धूर सोडण्यापूर्वी गावाने त्याचा विचार करावा.