उघडून पाहता येईल अशी बोट

डेट्रॉइटच्या परिसरात, म्हणजे नोव्हाय, ट्रॉय, कँटन या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांत मे महिना लागला की बोटीचा विषय निघतोच. मिशिगनमध्ये लहानमोठी अकरा हजारांच्या आसपास तळी आहेत आणि पाच महासरोवरांपैकी चार या राज्याला लागून आहेत, तेव्हा तो निघावा हेही साहजिक आहे. नवी बोट परवडत नाही, म्हणून जुन्या बोटींच्या जाहिराती चाळल्या जातात आणि बघता बघता निवड दोघींवर येऊन ठेपते. एक असते फायबरग्लासची अठरा फुटी बो-रायडर: पुढच्या टोकालाही बसायला जागा, टोकदार बांधा, इंजिन बोटीच्या पोटात आणि पंख्याचा भाग मागे पाण्यात, ज्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. दुसरी बावीस फुटी पॉन्टून: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब नळकांड्यांवर सपाट फळी, तिच्यावर कोच, भोवती कठडा, मागे टांगलेलं नव्वद अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. समजा, किंमत सारखीच आहे. बो-रायडर चार-पाच वर्षांनी नवी आहे, चकचकीत आहे आणि मुलांनी तिच्यावर केव्हाच शिक्कामोर्तब केलं आहे. माझं मत मात्र पॉन्टूनच्या बाजूनं आहे. ती ऐसपैस असते हे त्याचं कारण नाही. जुनी बोट घेताना तिच्यात काय बिघडलंय हे पैसे देण्याआधी कितपत कळू शकतं, हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या दोन बोटी अगदी वेगवेगळं देतात.

फायबरग्लासची बोट बाहेरून एकसंध दिसते, पण ती एकसंध नसते. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाच्या मागच्या भागाचं वजन आणि पंख्याचा सगळा रेटा तीच भिंत घेते. अनेक जुन्या बोटींत या भिंतीच्या आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरग्लासनं मढवलेलं. तळाला बळकटी देणाऱ्या उभ्या पट्ट्या, ज्यांना स्ट्रिंजर म्हणतात, त्याही पुष्कळदा लाकडीच असतात. फायबरग्लास कुजत नाही, पण त्यात पाडलेल्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की आतलं लाकूड कुजतं, आणि वरचा थर वर्षानुवर्षं गुळगुळीतच राहतो. बोटीच्या जमिनीखाली फोम भरलेला असेल तर तोही पाणी धरून बसतो. एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे बासष्ट पौंड. असं पाच-सहा घनफूट पाणी फोममध्ये मुरलं तर दोन धट्टीकट्टी माणसं कायमची बोटीत बसवल्यासारखं होतं, आणि ती दिसतही नाहीत. तपासायच्या युक्त्या आहेत, नाही असं नाही. प्लास्टिकच्या हातोडीनं ट्रान्समवर ठोकत जावं. निरोगी भागावर टणक आवाज येतो, कुजक्या भागावर बद्द. मागचा पंख्याचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावा आणि तेव्हा ट्रान्सम हलते का, हे दुसऱ्यानं बघावं. तळाशी लावलेला एखादा स्क्रू काढून पाहावा. तिथून तपकिरी पाणी झिरपलं तर पुढची बोलणी तिथंच थांबवलेली बरी. पण या सगळ्या खुणांवरून आपण अंदाज बांधतो. खात्री करायची तर जमीन कापावी लागते, आणि दुसऱ्याची बोट विकत घेण्याआधी कुणी कापू देत नाही.

इंजिनाचंही तेच. स्टर्नड्राइव्हमध्ये बोटीच्या पोटातलं इंजिन आणि बाहेरचा पंखा यांना जोडणारा दांडा ट्रान्सममधल्या भोकातून जातो. त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून रबराची एक घडीदार नळी लावलेली असते, बेलोज म्हणतात तिला. हे रबर दर काही वर्षांनी बदलावं लागतं. ते फाटलं तर धक्क्याला बांधून ठेवलेली बोट रात्रीतून तळ गाठू शकते, मग ती कितीही नवी दिसत असो. शिवाय ही इंजिनं थंड राहण्यासाठी बहुधा तळ्याचंच पाणी आत खेचतात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. मिशिगनमध्ये तेच काम ऑक्टोबरात होतं, झापांच्या जागी पांढरं प्लास्टिक ताणून बसवतात, एवढाच फरक. पण इथं शाकारण्याआधी इंजिनातलं पाणी पूर्ण काढून टाकावं लागतं. कुणी ते विसरलं, तर जानेवारीच्या गारठ्यात पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि बिडाच्या इंजिनाला तडा जातो. तडा गेलेलं इंजिन वसंतात कधी कधी सुरूही होतं. तेल तपासायची काडी बाहेर काढल्यावर तेल दुधी दिसलं तर समजावं की पाणी आत शिरलंय, पण विकणाऱ्यानं कालच तेल बदललं असेल तर ही खूणही पुसली जाते. याउलट आउटबोर्ड बोटीच्या बाहेर टांगलेलं असतं. ते सरळ उभं सोडलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं. झाकण काढलं की सगळं इंजिन समोर. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन कारागीर अर्ध्या तासात मोजून देतो. गिअरचं तेल खालच्या स्क्रूतून दोन थेंब काढून बोटावर घेतलं तरी बरंच कळतं. आणि इंजिन अगदीच गेलं, तर ते सोडवून दुसरं लावता येतं, बोट फोडावी लागत नाही.

पॉन्टूनचा जन्मच मुळी अशा उघड्यावाघड्या बांधणीतून झाला. १९५१ साली मिनेसोटातल्या अ‍ॅम्ब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फळी ठोकली. तत्त्व आजही तेच आहे. म्हणून ही बोट ट्रेलरवर उभी असताना खाली वाकून, गरज पडल्यास पाठीवर झोपून, तिचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा भाग डोळ्यांनी पाहता येतो. नळकांड्यांवरचे पोचे, वेल्डिंगच्या रेघा, फळीला धरणारे आडवे दांडे, बोल्ट, सगळं उघडं. एखाद्या नळकांड्यात पाणी शिरलं असेल तर बोट पाण्याबाहेर काढल्यावर कुठल्यातरी जोडातून ते ठिबकत राहतं. ही बोट निर्दोष असते असं नाही. वरची फळी बहुधा प्लायवूडचीच असते आणि तीही कुजते, विशेषतः कठड्याच्या खांबांभोवती. पण ती खालून दिसते, पायाखाली दबते, आणि कोच काढून नवी फळी टाकता येते. कोचांचं रेक्झिन उन्हानं तडकतं, आत उंदीर घर करतात, आणि ते नव्यानं शिवून घेणं स्वस्त नसतं. हा खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा करावा. दिसणाऱ्या दोषाचा हा मोठाच फायदा आहे, त्यावर घासाघीस करता येते.

आता आक्षेप. पहिला आणि खरोखर वजनदार आक्षेप लाटांचा आहे. बो-रायडरचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ लाट कापत जातो, पॉन्टून लाटेवर आपटते, हे खरं आहे. आणि आपल्या दाराशी असलेलं लेक सेंट क्लेअर काही तळं नव्हे. सुमारे ४३० चौरस मैलांचा हा विस्तार, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. इतक्या उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा उंच होण्याआधी आखूड आणि खड्या होतात, एकीवर एक येतात. त्यात मधल्या खोल केलेल्या मार्गातून मालवाहू जहाजं जातात, त्यांच्या लाटा वेगळ्याच. पण अशा दिवशी अठरा फुटी बो-रायडर सुरक्षित असते हे मला मान्य नाही. तिचा पुढचा भाग उघडा असतो. तिथं तिघं-चौघं बसले की नाक खाली झुकतं, आणि वेग कमी करताना समोरची एक खडी लाट थेट त्या खड्ड्यात येऊ शकते. म्हणजे वारा असेल त्या दिवशी दोघींनीही धक्क्यालाच राहायचं. नसेल त्या दिवशी पॉन्टूनचं आपटणं हा मुद्दा उरत नाही. ज्यांना दर शनिवारी, हवा कशीही असो, सेंट क्लेअर ओलांडून कॅनडाच्या बाजूला मासे धरायला जायचं आहे, त्यांना या दोघींपैकी एकही उपयोगाची नाही. त्यांचा विषय वेगळा. केन्सिंग्टन पार्कमधल्या केंट लेकसारख्या पाण्यावर तर वेगावरच बंधन आहे. तिथं धारदार तळासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप मुलांचा: पॉन्टून म्हणजे म्हाताऱ्यांची बोट, तिला वेग नाही. नव्वद अश्वशक्तीच्या पॉन्टूनमागं फुगवलेली ट्यूब बांधून दहा वर्षांच्या पोराला किंचाळायला लावता येतं, पाण्यावरचं स्कीइंग मात्र रडतखडत होईल, हे कबूल करायला हवं. पण सहलीला जाणार कोण, हेही मोजा. उन्हाळ्यात पुण्याहून, नाशिकहून आजी-आजोबा आलेले असतात. वीस फुटांखालच्या साध्या एकतळी बोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी कायद्यानंच लावलेली असते, आणि अठरा फुटांच्या बोटीवरचा तो आकडा दोन कुटुंबं एकत्र आली की लगेच ओलांडला जातो. गुडघे दुखणाऱ्या आजीला धक्क्यावरून कठडा ओलांडून खाली उतरवणं आणि सपाट फळीवर दारातून आत नेणं यातला फरक मी वर्णन करत बसत नाही. धोका पॉन्टूनवरही आहे, आणि तो नेमका तिच्या सोयीत आहे. पुढच्या फाटकाबाहेर पाय सोडून बसलेलं मूल चालत्या बोटीतून पडलं, तर ते दोन नळकांड्यांच्या मधून सरळ मागच्या पंख्याकडे जातं. बोट चालू असताना फाटक बंद आणि सगळे कठड्याच्या आत, यात सूट नाही. अमेरिकी तटरक्षक दलाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात: बोटींच्या अपघातांत मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य बुडून मरतात, आणि बुडालेल्यांपैकी बहुसंख्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. मिशिगनचा कायदा उघड्या डेकवर फक्त सहा वर्षांखालच्या मुलांना जॅकेटची सक्ती करतो. घरातला नियम त्याहून कडक असावा.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. ते म्हणतात, परीक्षक नेमा की, मग कुठलीही बोट घ्या. परीक्षक जरूर नेमावा. सॅम्स किंवा नॅम्स या संस्थांची मान्यता असलेले सर्व्हेअर मिळतात. पण त्यालाही जमीन कापायची परवानगी नसते. आर्द्रता मोजायचं यंत्र आणि हातोडी यांवर तो मत देतो, आणि त्याच्या अहवालात काय पाहता आलं नाही याचीही यादी असते. ती यादी बो-रायडरच्या बाबतीत लांब असते. काही गोष्टी तर परीक्षकाशिवायही करता येतात. इंजिन थंड असतानाच जा. पोचल्यावर आधी हात लावून बघा, कारण गरम असेल तर कुणीतरी ते अवघड सुरुवातीनंतर तापवून ठेवलेलं असू शकतं. बोटीच्या मागे उजव्या बाजूला बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. ते जाहिरातीशी आणि कागदांशी ताडून पाहा. मिशिगनमध्ये वीस फूट किंवा जास्त लांबीच्या, आणि इंजिन कायमचं बसवलेल्या कुठल्याही बोटीला टायटल लागतं, म्हणजे आपल्या दोघींनाही लागतं. टायटलवरचं नाव आणि समोर उभा असलेला विकणारा एकच आहे ना, ते बघा. ट्रेलरचे टायर आणि बेअरिंग बोटीइतक्याच गांभीर्यानं तपासा. आणि बोट, ट्रेलर, पेट्रोल, सामान यांचं एकत्र वजन आपल्या मिनीव्हॅनच्या साधारण ३,५०० पौंडांच्या मर्यादेत बसतं का, ते एखाद्या वजनकाट्यावर प्रत्यक्ष मोजून घ्या. बो-रायडरचं वजन कंपनीनं छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त भरलं, तर तिच्या फोमबद्दलचा संशयही त्याच काट्यावर पक्का होतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग बो-रायडर घ्यायचीच नाही का? तसं नाही. काही कंपन्यांनी ट्रान्सम आणि स्ट्रिंजरमधून लाकूड काढून टाकलं आहे, आणि काही बो-रायडरना मागे आउटबोर्ड लावलेलं असतं. अशी लाकूडविरहित, आउटबोर्डची बोट, दर ऑक्टोबरला इंजिन निथळून ठेवल्याच्या पावत्यांसकट आणि पाण्यावर चालवून बघायच्या अटीसह समोर आली, तर पॉन्टूनचा आग्रह मी सोडून देईन. मात्र तिची किंमत या दोघींपेक्षा वरची असेल, आणि जाहिरात आल्यापासून दोन दिवसांत ती कुणीतरी घेऊन गेलेला असेल.