रजिस्टरवाल्या काकूंना काढायचं का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेलं भाषण)



अध्यक्षताई म्हणाल्या, दहा मिनिटांत आटप, पुढे जेवण आहे. म्हणून थेट विषयावर येते. आज मला मनुष्यबळ व्यवस्थापनावर बोलायचंय. नाव मोठं आहे. एमएसडब्ल्यूला असताना मला वाटायचं, हा विषय कंपनीवाल्यांचा. पण माणूस कामावर घेणं, त्याला शिकवणं, मानधन वेळेवर देणं, काम बदललं तर त्याला सांभाळून घेणं, हे तुमचा ग्रामसंघ करतोच की! लिपिका कोण निवडतं? तुम्ही. तिच्या मानधनाचा ठराव कोण करतं? तुम्हीच, हात वर करून. म्हणजे इथं मालक तुम्ही आहात.

आता कामाची पद्धत सगळीकडेच बदललीय. मनरेगाच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईल ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. नेटवर्क नाही, फोटो चढला नाही, तर राबूनही दिवस बुडतो, अशा तक्रारी कितीतरी ठिकाणांहून आल्या. अंगणवाडीत २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. त्याच वर्षी आपल्या राज्यात हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखा अडकतो, तापतो आणि ॲप इंग्रजीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना काम नको होतं असं नाही. त्यांना चालणारा फोन आणि आपली भाषा हवी होती.

आपल्याकडेही तेच झालं. समूहांचे हिशोब आता लोकोस ॲपवर भरायचे असतात. बचत, कर्ज, परतफेड, सगळं. चांगलंच आहे. समूहाचा हिशोब स्वच्छ दिसला तर बँकेपुढे आपलं म्हणणं ठामपणे मांडता येतं. पण हे भरणारी बाई कोण, तिचं काय झालं, ते बघायला आपण विसरलो.

आपल्याच एका गावातल्या लिपिका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय. काकू सातवी शिकलेल्या. नऊ वर्षं रजिस्टर लिहितात. अक्षर मोत्यासारखं, बेरीज कधी चुकली नाही. ॲप आलं तेव्हा तालुक्याला एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. हॉल गच्च भरलेला, काकू मागच्या खुर्चीवर. पडद्यावरचं काही दिसलं नाही. गावी आल्या आणि नोंदी मागे पडायला लागल्या. बैठकीत कुणीतरी बोललं, "आता एखादी बारावी झालेली पोरगी ठेवा." काकू खाली मान घालून बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "मॅडम, हिशोब येतो हो मला, पण बोट चुकतं."

आणि मी काय केलं? त्यांच्या हातातला मोबाईल घेतला आणि स्वतःच नोंदी भरून टाकल्या. तीन महिने. मला वाटलं, मी मदत करतेय. खरं तर मला माझा अहवाल वेळेत पाठवायचा होता. त्या तीन महिन्यांत काकू काही म्हणजे काही शिकल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांनीच मला थांबवलं. समूहात एकाच आडनावाच्या दोन जावा. एकीची दीड हजारांची परतफेड मी दुसरीच्या नावावर टाकली होती. ॲपने काही हरकत घेतली नाही. चूक सापडली ती काकूंच्या रजिस्टरमध्ये. ती सापडली नसती, तर पैसे भरलेल्या बाईच्या नावावर थकबाकी दिसली असती आणि दोन जावांमध्ये भांडण लागलं असतं ते वेगळंच.

त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. गावातली एक मुलगी काकूंच्या शेजारी बसवली. आधी काकू रजिस्टरमधून वाचायच्या, मुलगी भरायची. मग काकू भरायच्या, मुलगी बघायची. फोन काकूंच्याच हातात. दोन महिन्यांत मासिक नोंदी त्या एकट्या करायला लागल्या. नव्या सदस्याची नोंद करताना अजून अडतं, तेव्हा मुलीला हाक मारतात. आणि त्या मुलीला काय मिळालं? ताळेबंद जुळवायला ती काकूंकडून शिकली.

पण सगळीकडे असं झालं नाही. दुसऱ्या एका गावातल्या लिपिका ताईंनी काम सोडलं. मी समजवायला गेले तेव्हा उशीर झाला होता. त्या आता बैठकीलाही येत नाहीत. ते मला लागून राहिलंय.

म्हणून मालक म्हणून तुम्हाला चार गोष्टी मागते. येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव लिहा.

एक, नवं काम आलं म्हणून जुन्या बाईला लगेच बदलायचं नाही. निदान तीन महिने आणि शेजारी बसणारी एक सोबतीण द्यायची. त्यानंतरही जमलं नाही, तर तिच्याशी बोलून तिला झेपेल असं काम द्यायचं.

दोन, प्रशिक्षणाचा दिवस हा कामाचाच दिवस. त्याचं मानधन आणि एसटीचं भाडं द्यायचं. ॲपसाठी लागणारा रिचार्जही तिच्या घरातून जाऊ द्यायचा नाही.

तीन, रजिस्टर बंद करायचं नाही. दर बैठकीत ॲपमधली नोंद मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकीने आपल्या पासबुकाशी ताडून बघायची. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या, पण सोडू नका.

चार, चूक झाली की आधी विचारायचं, काय अडलं? सगळ्यांसमोर बोलायचं नाही.

आणि माझ्यासाठी एक नियम मीच केलाय. मी कुणाच्या हातातला मोबाईल ओढून घेणार नाही. घेतला, तर तिथंच मला टोका.

आपल्यातल्या कितीजणी शेतावर, कारखान्यात, दुसऱ्याच्या घरी कामाला जातात. तिथला मालक आपल्याशी कसा वागावा, हे आपल्याला नीट माहीत आहे. तसंच आपण आपल्या लिपिकेशी वागूया.

अध्यक्षताई, दोन मिनिटं जास्त झाली, माफ करा. चला जेवायला.