फळ्यापासून इंग्रजी

(शिक्षक-कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा संक्षेप)



इंग्रजीचा विषय निघाला की महाराष्ट्रात बहुधा एकच वाद रंगतो : ती कोणत्या इयत्तेपासून शिकवावी? २००० साली राज्य सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हाही हाच वाद झडला. मुलाच्या कानावर पहिले वीस शब्द कोणते पडावेत, हा प्रश्न मात्र क्षुल्लक समजून शिक्षकावर सोडून देण्यात आला. वस्तुतः विषमतेची सुरुवात तेथूनच होते.

शब्द हे एक प्रकारचे भांडवल आहे. सुशिक्षित घरातील मुलाला ते वारशाने मिळते. शेतमजुराच्या मुलीला ते वर्गाच्या चार भिंतींतच मिळवावे लागते. पुस्तकातल्या चित्रात जहाज असेल, तर ते एकाने पाहिलेले असते, दुसरीने नसते. फळा, खडू, खिडकी, दार, वही या वस्तू मात्र दोघांच्याही डोळ्यांपुढे सारख्याच असतात. ती वर्गाची सामाईक मालमत्ता होय. म्हणूनच इंग्रजीचा आरंभ वर्गातील शब्दांनी करणे ही केवळ अध्यापनाची सोय नव्हे. त्यात समतेचा विचार आहे.

बंगालमध्ये शिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९२६ साली द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने विमाव्यवसायातील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना शिक्षणाला लावली. विम्याची पॉलिसी मध्येच सोडावी लागली, तर विमेदाराच्या हाती काही रक्कम पडते. त्याचप्रमाणे ज्या मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते, त्याच्या हाती काय उरते, असा त्याचा सवाल होता. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांच्या महाराष्ट्रात तो आजही तितकाच बोचरा आहे. पाठ केलेली कविता वर्षभरात विसरली जाते. ‘ओपन’, ‘शट’, ‘पुश’, ‘पुल’, ‘इन’, ‘आउट’ हे शब्द वर्गाच्या दाराशी शिकलेले असले, तरी बँकेच्या आणि दवाखान्याच्या दाराशीही उपयोगी पडतात.

शिवाय आरंभ शून्यातून करावयाचा नाही. पेन, पेन्सिल, बॅग, टेबल, बोर्ड हे शब्द खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असतात. मात्र मराठीत रुळलेला शब्द इंग्रजीत त्याच अर्थाने असेलच असे नाही. ‘कॉपी’ म्हटले की आपल्याकडे परीक्षेतली लबाडी आठवते. ‘कॉपी फ्रॉम द बोर्ड’ ही आज्ञा ऐकून मूल बुचकळ्यात पडले, तर तो त्याचा दोष नव्हे. मराठीत ‘दोन पेन’ चालते, म्हणून ते ‘टू पेन’ म्हणते. वास्तविक वही-वह्या, पाटी-पाट्या हे अनेकवचन त्याच्या जिभेवर आहेच. त्याच आधाराने ‘पेन्स’, ‘बुक्स’ समजावता येते.

वाक्यरचनेचेही तसेच. ‘पुस्तक उघड’ यात क्रियापद शेवटी, ‘ओपन द बुक’ यात आधी. ‘टेबलावर’ यातला ‘वर’ शब्दाच्या शेपटीला, ‘ऑन द टेबल’ यातला ‘ऑन’ शब्दाच्या पुढे. ही उलथापालथ व्याकरणाची व्याख्या पाठ करून कळत नाही. वही टेबलावर ठेवावी, मग टेबलाखाली धरावी, मग दप्तरात घालावी. हात फिरला की शब्दाची जागा आपोआप ध्यानात येते. एका तासाला पाच-सहा नवे शब्द पुरेत. आधी ऐकणे, मग कृती करणे, मग बोलणे आणि शेवटी लिहिणे, हा क्रम मोडू नये. अर्थ अडला तर मराठीत सांगण्यात कमीपणा नाही. आणि थोड्या दिवसांनी भूमिका बदलाव्यात : मुलीने ‘स्टँड अप’ म्हणावे आणि गुरुजींनी उभे राहावे.

यातच एक महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. आपल्या वर्गांत मुलाला प्रथम शिकवली जातात ती परवानगीची आणि होकाराची वाक्ये : ‘मे आय कम इन?’, ‘येस सर’. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ आणि ‘प्लीज से इट अगेन’ ही वाक्ये फारशी कोणी शिकवत नाही. न समजल्याचे ताठ मानेने सांगता येणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती पडला पाहिजे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी तक्रार मांडली होती की, सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. त्या हिशेबाची बाकी अजून चुकती झालेली नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनी तर मराठी शाळेतील इंग्रजीचा तास अधिकच कसून घेतला पाहिजे. तो कच्चा राहिला, की गरीब पालकही कर्ज काढून मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत संध्याकाळचा एक तास काढावा. त्यासाठी अनुदान लागत नाही, इमारतही लागत नाही. एक फळा, चार खडू आणि मुलांची दप्तरे एवढ्यावर काम सुरू करता येते.