पिशवी काढण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या व्याख्यानातून)



पाळीतील अतिरक्तस्राव हा विषय उच्चारताच पुढच्या रांगेतील काही माना खाली गेल्या. या संकोचापोटीच पुष्कळ भगिनी दुखणे अंगावर काढतात आणि एके दिवशी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतात.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याची चौकशी केली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. त्या महिलांना पाळीचा खाडा परवडत नव्हता. आपल्या घरांत तशी अडचण नाही, वाक्य मात्र तेच कानी येते : ‘मुले झाली, आता पिशवी हवी कशाला?’

तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, पाळी सात दिवसांहून लांबणे ही अतिरक्तस्रावाची लक्षणे होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा शरीराने अठाई करण्यापूर्वी निदान हिमोग्लोबिन तरी तपासून घ्यावे.

बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात. आधी तपासणी, रक्तचाचणी व सोनोग्राफी. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेणे आवश्यक. बारीक प्लॅस्टिकच्या नळीने, बहुधा भूल न देता, काही मिनिटांत तो घेता येतो. पाळीसारखी कळ येते, पण कर्करोगाची शंका तपासून घेता येते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या असतात. चौविहार पाळणाऱ्यांनी त्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असल्यास तेही सांगावे.

तांबीविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलते, कारण येथेच गोंधळ होतो. तांब्याची तार असलेल्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. संप्रेरक असलेली तांबी याच्या अगदी उलट. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते, ते रोज अत्यल्प प्रमाणात पाझरते आणि अस्तर पातळ ठेवते. इंग्लंडमध्ये ती प्रशिक्षित कुटुंबवैद्यही आपल्या दवाखान्यात बसवतात. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. त्याला घाबरून ‘काढून टाका’ म्हणत येणाऱ्या कितीतरी भगिनींना मी थोडे थांबायला सांगते. नंतर स्राव बराच घटतो, काहींची पाळीच थांबते. ‘घाण रक्त’ आत साचते ही समजूत निराधार आहे. अस्तरच वाढत नाही, तर साचणार काय? मूल हवे झाल्यास ही तांबी काढता येते. अस्तर उष्णतेने नष्ट करण्याचा उपचारही आहे, परंतु तो पुढे अपत्य नको असलेल्यांसाठीच, आणि त्यानंतरही गर्भनिरोधन करावेच लागते.

कर्करोग असेल, किंवा मोठ्या गाठींचा त्रास इतर उपायांनी आवरत नसेल, तर गर्भाशय काढणे योग्यच. त्या वेळी अंडाशयांचे काय करणार, हे आधी विचारावे. तीही गेली तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. सोनोग्राफीचा आणि नमुन्याचा अहवाल आपल्याजवळ ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाताना प्रथम तेच मागितले जातात.