पंचनाम्यात कसणाऱ्याचे नाव कोठे?



३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट ओलांडून मावळ, खेड, जुन्नरात शिरले. पंचनामे झाले. पिकाचे ३३ टक्के नुकसान झाले की मदत, असा निकष आहे. २०१५ पूर्वी तो ५० टक्क्यांचा होता. सुधारणा स्वागतार्हच. परंतु मदत मिळते ती सातबाऱ्यावरील खातेदारास.

आपल्या चाकण पट्ट्यात हा खातेदार पुष्कळदा कारखान्यात पाळीवर असतो आणि शेत दुसराच कोणी वाट्याने कसतो. बियाणे त्याचे, घाम त्याचा, गारपिटीत सडलेला कांदाही त्याचा. पैसे मात्र मालकाच्या खात्यात! भला मालक ते वाटेकऱ्यास देतो. सगळेच भले नसतात. वाटेकऱ्याचे नाव कागदावर येऊ देण्यास मालक कचरतो, कारण १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन गावोगावी अद्याप विस्मरणात गेलेला नाही. ही धास्ती अनाठायी म्हणून झटकता येणार नाही. म्हणूनच, मालकीहक्कास कोणतीही बाधा येणार नाही असे कायद्यानेच स्पष्ट करून, पंचनाम्यात ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना ठेवावा, एवढीच मागणी आपण शासनाकडे करू.